काहिलीतली वाळू

मी काहील आहे. परड्यात येणारे नवखे पाहुणे मला परात म्हणतात, कुणी टाकी म्हणतात, म्हणून आधी नाव सांगून टाकते. उसाचा रस आटवून गूळ करायची ती रुंद, उथळ लोखंडी कढई म्हणजे मी. आता माझ्यात रस नसतो. वाळू असते, आणि त्या वाळूत गल्लीतली लहान मुलं येऊन बसतात. हे कसं झालं, ते सांगते.

माझा जन्म कोल्हापुरातल्या उद्यमनगरातला. इकबालभाईंनी जाड पत्रे वाकवून, रिबिटा ठोकून मला जोडलं. प्रत्येक सांध्यावरून ते बोटं फिरवून बघायचे. मग कसबा बावड्याच्या जोतीरामांनी मला त्यांच्या गुऱ्हाळावर नेलं.

ते दिवस धगीचे होते. खाली चुलवाणात चिपाडं पेटलेली, आत रस उकळतोय आणि वास पार रस्त्यापर्यंत. शाळा सुटली की पोरं वाट्या घेऊन काकवीसाठी यायची. गूळ उतरवणारा गुळव्या त्यांच्यावर ओरडायचा आणि ओरडत ओरडत वाट्या भरायचा. माया करायची तर ती ओरडून का करायची, हे माणसांचं मला कधी कळलं नाही.

पुढं गडी मिळेनात. ऊस थेट साखर कारखान्याला जाऊ लागला. एका हंगामात चुलवाण पेटलंच नाही. जोतीरामांनी मला घरामागच्या परड्यात, गोठ्याशेजारी पालथी घातली. पाठीवरून पावसाळे गेले, पाठ तांबडी पडली. काठाखालच्या फटीतून शिरून कोंबड्या माझ्याखाली अंडी घालायच्या. घरातल्यांना माझा विसर पडला, पण मला सगळ्यांचं बोलणं ऐकू यायचं. घरात बोलता येत नाही ते माणसं परड्यात येऊन बोलतात.

निशिगंधाचं मला असंच कळलं. जोतीरामांचा मुलगा विश्वजित आणि सून संयोगिता, त्यांची ही एकुलती एक लेक. घरात सगळे तिला निशू म्हणायचे. तीन वर्षांची झाली तरी ती वरणभाताला बोट लावायची नाही. मिक्सर सुरू झाला की कान झाकून कोपऱ्यात बसायची. हाताला काही चिकटलं की हात अंगापासून लांब धरून, ते पुसेपर्यंत रडायची.

विश्वजित शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला. येताना तो दर आठवड्याला एक खेळणं आणायचा. गाणी म्हणणारी गाडी, दिवे लागणारा हत्ती, टाळ्या वाजवणारं माकड. सगळीच खेळणी एकदम बोलायची. निशू त्यांच्याकडं पाठ करून बसायची.

शहरातल्या एका खेळवर्गात तिला घातलं. तिथं चारी भिंतींवर चित्रं, मधोमध रंगीत चेंडूंचा हौद आणि स्पीकरवर गाणी. निशू टेबलाखाली गेली ती आई न्यायला येईपर्यंत बाहेर आलीच नाही. असं रोज व्हायला लागल्यावर तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सध्या राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

त्या संध्याकाळी परड्यात बनाबाई, म्हणजे निशूची आजी, सुनेला म्हणाली, "लाडानं भित्री केलीया तुमी तिला. आमची पोरं शेणात लोळून मोठी झाली. एकदा धरून हात घाला चिखलात, भीती जाईल समदी."

आणि दुसऱ्या दिवशी तिनं तसं केलंही. मनात वाईट काही नव्हतं. कणीक मळता मळता नातीला मांडीवर घेतलं आणि तिचे दोन्ही हात धरून परातीत दाबले. निशूची किंकाळी मला गोठ्याशेजारी ऐकू आली. पोरीला उलटी झाली. नंतर कित्येक दिवस ती आजीच्या जवळ फिरकली नाही.

संयोगिता बाहेर आली आणि माझ्या पालथ्या पाठीवर बसली. तोंडावर पदर धरून ती खूप वेळ रडली. थोड्या वेळानं बनाबाई तांब्या घेऊन आली. तांब्या माझ्या पाठीवर ठेवला आणि तशीच परत गेली.

मग संयोगिता लेकीला घेऊन कोल्हापुरातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. परत आल्यावर ती जोतीरामांना सांगत होती, "मामा, त्या म्हणाल्या, पोरगी हट्टी न्हाय. आपल्याला नुसता हात लागतो तिथं तिला टोचतं. आपल्याला आवाज येतो तिथं तिच्या डोक्यात घण बसतात. खेळणी कमी करा म्हणाल्या. एका वेळी एकच द्या. आणि तिचा हात कुणी धरून पुढं न्यायचा न्हाय."

"मग नुसतं बघत बसायचं व्हय?" जोतीरामांनी विचारलं.

"व्हय. तेच अवघड हाय म्हणाल्या."

गाडी, हत्ती, माकड सगळं माळ्यावर गेलं. घर गप्प झालं. निशू परड्यात यायला लागली.

थंडीचे दिवस होते. दुपारच्या उन्हानं माझी पाठ कोमट झालेली. निशू आधी लांबून बघत राहिली. मग एक खडा उचलून तिनं माझ्यावर टाकला. मी घुमले. तिनं कानावर हात नेले, पण झाकले नाहीत. दुसरा खडा टाकला. तिसरा टाकून झाल्यावर ती जवळ आली आणि माझ्या खरबरीत, गंजक्या पाठीवर तिनं तळहात टेकवला. काढला. परत टेकवला.

संयोगिता दोरीवर धुणं वाळत घालत होती. तिच्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं. तिनं हाक मारली नाही. कुणाला बोलावलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली, पण आनंद झाल्यावर गप्प बसू शकणारी थोडी.

त्याच आठवड्यात विश्वजित भंगारवाल्याला घेऊन आला. मला काढून तिथं त्याला प्लॅस्टिकचं खेळघर बसवायचं होतं, घसरगुंडीचं आणि दिव्यांचं.

"काहील द्यायची न्हाय," संयोगिता म्हणाली.

"अगं, सगळ्यांच्या पोरांकडं हाय तसलं घर. आपल्या पोरीला कमी का?"

"कमी हाय म्हणूनच तिला बरं वाटतंय. ती रोज हिच्यापाशी येऊन बसती. तुम्ही एकदा रजा काढून बघा की."

भंगारवाला रिकाम्या हातानं गेला. विश्वजितनं खरंच एक दिवस रजा काढली आणि गोठ्याच्या दारात बसून बघितलं. संध्याकाळी त्यानंच जोतीरामांसोबत मला सुलटी केली. बापलेकांनी विटकरीनं घासून माझा गंज काढला, रंग दिला, काठ लागू नये म्हणून शेतातला जुना पाइप चिरून कडेला बसवला. मला जांभळाच्या सावलीत नेलं आणि चाळून धुतलेली वाळू आत भरली. मांजरं घाण करू नयेत म्हणून रोज रात्री ताडपत्री घालायचं काम विश्वजितनं स्वतःकडं घेतलं.

निशू आत आली नाही. बाहेर उभी राहून लांब दांड्याच्या पळीनं वाळू उचलायची आणि ओतायची. पुष्कळ दिवस हेच. मग तिनं स्वतःच चमचा मागितला. चमच्याचा दांडा आखूड, म्हणजे हात वाळूच्या जवळ. एकदा चमचा वाळूत रुतला आणि तो काढायला तिनं दोन बोटं आत घातली. घातली आणि तशीच ठेवली.

सगळं सरळ झालं असं नाही. एका रविवारी पाहुण्यांची पोरं आली, माझ्यात बादल्यांनी पाणी ओतून नाचली. त्यानंतर निशू कितीतरी दिवस परड्यात आली नाही. मला वाटलं, संपलं.

तेव्हा बनाबाई आली. सून म्हणाली, "आत्ती, तिला आणू नका हं ओढून."

"न्हाय आणत. मी बसतो की हितं," असं म्हणून म्हातारी माझ्या काठावर बसली. पाय वाळूत सोडले आणि चाळणीनं वाळू चाळत राहिली. रोज दुपारी ती तशी बसायची. कुणाला बोलवायची नाही, दाराकडं बघायचीही नाही. मला मात्र तिच्या टाचा कळायच्या. घरात निशूची पावलं वाजली की त्या वाळूत रुतायच्या.

शेवटी निशू पळी घेऊन आली. आजीच्या समोर उभी राहिली आणि तिच्या पावलांवर तिनं वाळू ओतली. आणखी एक पळी. पावलं पार झाकून गेली. बनाबाई हलली नाही. निशूनं पळी खाली ठेवली आणि हातानं ती वाळू थापटली.

"गार हाय गं आज्जी," ती म्हणाली.

"व्हय बाई. गार हाय," बनाबाई म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळलं, ती रडत होती.

पुढच्या जूनमध्ये गल्लीतल्या शबनमबाईंच्या बालवाडीत निशू जायला लागली. वर्गात घ्यायच्या आधी शबनमबाई परड्यात येऊन तिचा खेळ बघून गेल्या. त्यांनी वर्गाच्या एका कोपऱ्यात काहीच ठेवलं नाही, फक्त एक चटई. कुणालाही गलका सोसेना की तिथं जाऊन बसायचं. निशू तर जायचीच, पण कधी कधी वर्गातली सगळ्यात दंगेखोर पोरंही तिथं सापडायची.

निशू आता मोठ्या शाळेत जाणार आहे. वरणभात ती अजून चमच्यानंच खाते. लग्नाच्या वरातीत अजून कान झाकते. पण दुखतंय ते तिला सांगता येतं आणि घरातल्यांना ते ऐकू येतं.

काल शबनमबाई आल्या होत्या. बालवाडीच्या अंगणासाठी त्यांना मी हवी आहे. संयोगिता म्हणाली, "तिला विचारा. तिची हाय ती."

निशूनं बराच विचार केला. मग विचारलं, "तिथं सावली हाय?"

"करंजाचं झाड हाय," शबनमबाई म्हणाल्या.

"मग न्या. पण पळी लांब दांड्याची ठेवा. सगळी पोरं लगेच हात न्हाय घालत."

उद्या सकाळी ट्रॉली येईल. वाळू पोत्यांत भरून झाली आहे आणि मी रिकामी, हलकी होऊन बसले आहे. मुलांसाठी खेळणं निवडायला तुम्ही निघाला असाल तर या म्हाताऱ्या लोखंडाचं एवढं ऐका. दुकानात जायच्या आधी थोडा वेळ लांब बसा आणि मूल आपण होऊन कुठं जातं ते बघा. हात पुढं येईल. त्याला त्याच्या वेळेनं येऊ द्या.