टेपची सुनावणी

एक वकील येऊन आमच्या शाळेत कायद्यावर व्याख्यान देऊन गेले आणि शाळेची झोप उडाली. मुलांचा कान धरायचा नाही, गाढव म्हणायचं नाही, वर्गाबाहेर उभं करायचं नाही, हे कळल्यावर अर्धे शिक्षक आता शिकवायचं कसं या काळजीत पडले. हेडबाई मात्र खुशीत होत्या. शिक्षा करायला हात लागत नाही, समिती लागते, एवढं त्यांना व्याख्यानातून बरोबर उमगलं होतं. माकडाच्या हाती कोलीत दिल्यावर माकडाला दोष देण्यात काय अर्थ?

समितीची पहिली शिकार म्हणजे दहावीतली टेप. आवाज एकदा ऐकला की हुबेहूब काढायची, म्हणून अख्खी शाळा तिला टेप म्हणते. तिने मधल्या सुट्टीत हेडबाईंची नक्कल केली, मैत्रिणीने ती मोबाइलवर घेतली आणि संध्याकाळपर्यंत ती पालकांच्या ग्रुपवर फिरत होती. आरोप शाळेच्या बदनामीचा, शिक्षा शाळेतून काढून टाकण्याची. परीक्षा तोंडावर आलेली. आता दुसरी कुठली शाळा तिला दारात उभं करणार नव्हती, म्हणजे पोरीचं वर्ष गेल्यातच जमा.

समितीत आम्ही तिघे. तक्रारही हेडबाईंची आणि न्यायही त्याच करणार. असं करू नका, हे वकिलांनी मुद्दाम सांगितलं होतं, पण नेमक्या तेव्हा बाई चहाची व्यवस्था पाहायला गेल्या होत्या. दुसरे संस्थेचे अध्यक्ष. त्यांचं सिमेंटचं दुकान आहे आणि प्रत्येक बैठकीत त्यांचं अर्धं लक्ष तिकडे असतं. तिसरा मी, भूगोलाचा शिक्षक. मला का घेतलं हे उघड होतं. मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरून निघताना बायको म्हणाली, "पोरीचं वाटोळं होऊ देऊ नका हं." मी "बघू" म्हणालो. आमचा संसार या "बघू"वरच चाललाय.

टेप मावशीला घेऊन आली. मावशीचं ब्यूटी पार्लर आहे. आल्या आल्या तिने आम्हा तिघांच्या डोक्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी येऊन हळहळली. मग खुर्ची ओढून बसली.

"आरोप वाचून झाला," हेडबाई म्हणाल्या. "आता निर्णय."

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "आधी व्हिडिओ तर बघू."

"तो मी सगळ्यांना डिलीट करायला लावला. शाळेची अब्रू आहे काही!"

"अहो, पण पुरावा समितीने स्वतः पाहिल्याशिवाय शिक्षा देऊ नये, असं तुमच्याच नियमावलीत आहे ना?"

हेडबाईंचा चेहरा उतरला. वकिलांचं ऐकून ते कलम त्यांनीच हौसेने घातलं होतं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा, तोही टाइप करून. अध्यक्षांनी तोडगा काढला. "मग काय, पोरीलाच करून दाखवू दे."

"मी नाही करणार," टेप म्हणाली. "परत तेच म्हणाल."

"कर गं," मावशी म्हणाली. "साहेबच सांगतायत."

टेप उभी राहिली. नसलेल्या माइकवर तिने टिचकी मारली, मान तिरकी केली आणि खोलीत दुसऱ्या हेडबाई आल्या. "विद्यार्थ्यांनो, मी रागावलेली नाही. मला दुःख झालंय." मग माइक बंद झाला असं समजून, त्याच आवाजात, "अहो, बिस्किटं आणा की! दुःखाने भूक लागलीय!"

अध्यक्ष खो खो हसले. मी खाली बघून हसलो. हेडबाई समोरची बिस्किटांची बशी दूर सारत म्हणाल्या, "पाहिलंत?"

"पाहिलं, पाहिलं," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. "आणखी कुणाची करतेस? या सरांची येते?"

टेपने माझ्याकडे पाहून मान हलवली. "सरांची नको."

"का गं?"

"त्यांचं करण्यासारखं काही नसतं."

मला उगाचच लागलं ते. "कर, कर," मी मोठेपणाने म्हणालो.

ती खुर्चीवर बसली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. चष्मा काढल्यासारखं केलं, ओढणीच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मान डोलावली. "एवढंच," ती म्हणाली.

अध्यक्ष हसले, मावशी हसली, हेडबाईसुद्धा हसल्या. मला मात्र हसू येईना. माझा चष्मा त्या वेळी माझ्या हातात होता आणि शर्टाच्या टोकाने मी तो पुसत होतो. कानशिलं तापली. लाज वाटली, आणि पोरीचा नव्हे, स्वतःचाच राग आला.

"चला, मला दुकान गाठायचंय," अध्यक्ष उठता उठता म्हणाले. "बाईंचं मत काढण्याचं आहे. मी सर म्हणतील तिकडे. बोला सर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टेपही. मी चष्मा टेबलावर ठेवला, म्हणजे कुणाचा चेहरा नीट दिसायला नको.

"काढायची असेल तर काढा," मी म्हणालो. आवाज फाटला. "पण मग मलाही काढा. स्टाफरूममध्ये बाईंची नक्कल रोज होते, आणि मी रोज हसतो. आत्ता अध्यक्षही हसले. हसणाऱ्यांना सोडायचं आणि करणारीचं वर्ष घालवायचं, हा कुठला न्याय? माझं मत काढण्याच्या विरोधात. मुलगी शाळेतच राहील."

"स्टाफरूममध्ये?" हेडबाई एवढंच म्हणाल्या. अध्यक्षांनी घाईघाईने समज देऊन प्रकरण मिटवलं आणि जाताना दोन बिस्किटं उचलली.

बाहेर मावशीने माझे हात धरले, तिचे डोळे भरले होते. पार्लरमध्ये या, उरलेल्या केसांचं काहीतरी करू, असंही म्हणाली. टेप मागे रेंगाळली होती.

"सर, आता तुमची नक्कल नव्याने बसवावी लागणार."

"बसव की," मी छाती फुगवून म्हणालो.

"एकदा ऐकून तुमचा आवाज लक्षात राहात नाही, सर. अजून दोन-चार वेळा बोला. मग जमेल."