बारावा चष्मा आणि वाघाच्या मिशा

“या टीव्हीत वाघाच्या मिशा मोजता येतात! आमच्या हिला दिसल्या नाहीत, तर दुकानाची पाटी उतरवीन,” चष्मेवाल्यानं गल्लीभर दवंडी पिटली. गल्लीतल्या निम्म्या नाकांवर त्यानंच बनवलेले चष्मे होते. घरात मात्र बायकोची नजर दिवसेंदिवस विझत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले, तिच्यासाठी अकरा चष्मे करून झाले, तरी हा गडी हार मानेना.

रविवारी सकाळी त्यानं तिला नव्या टीव्हीपुढे बसवलं, बारावा चष्मा तिच्या नाकावर चढवला, प्राण्यांची मालिका लावली आणि वायरी नीट खोचायला टीव्हीमागे शिरला. तेवढ्यात डरकाळी घुमली.

“दिसला का गं?” त्यानं मागूनच विचारलं.

“अगंबाई, केवढा हा वाघ!”

“मिशा मोज की मग!”

“सतरा. नाही, अठरा. हलतोय हो मेला, मोजू कशी?”

चष्मेवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. छाती फुगवून तो पुढे आला. टीव्हीत नुसता आवाज होता. चित्र आलंच नव्हतं, पडदा काळाकुट्ट होता.

बायको त्या काळोखाकडे बघून कौतुकानं मान डोलावत होती.

“पुढचा भाग लावू?” त्यानं कसंबसं विचारलं.

“लावा की. एवढ्या हौसेनं आणलाय तुम्ही.”

डोळे पुसायला तिनं चष्मा काढून सोफ्यावर ठेवला. तो तिच्या शेजारी बसला, तो नेमका चष्म्यावर. दोन्ही काचा फुटल्या.