कुलपाचे गणगोत

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे, आणि माझे कूळ मला कसे कळले हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही!

एका कारागिराने मला घडवले, कानशीने घासले, किल्ली फिरवून पाहिली आणि म्हणाला, "झकास!" मग कपड्यांना इस्त्री करणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतले. कितीतरी वर्षे मी त्यांच्या दुकानाचे दार राखले. रोज मला ओढून बघत त्या म्हणत, "शाबास रे गड्या!" पुढे नवे कुलूप आले आणि मी खिळ्यांच्या डब्यात गंजत पडलो.

एके दिवशी मात्र बाईंनी मला घाईघाईने बाहेर काढले. त्यांची मुलगी नर्स होती. समुद्रापलीकडच्या एका रुग्णालयात तिला नोकरी लागली होती. तिथे अरबी बोलत, म्हणून ती अरबी आणि उर्दू शिकवणाऱ्या एका शिक्षिकेकडे जात होती. तिची बॅग भरून तयार होती. आईने बॅगेत पासपोर्ट टाकला, वर मला अडकवले आणि किल्ली लपवली.

"आई, कुलूप काढ."

"नाही काढणार. तुझे बाबा असेच परदेशी गेले. आले का परत?"

मुलगी रागाने शिकवणीला गेली ती धापा टाकतच परतली. माझ्यावर टिचकी मारून म्हणाली, "आई, हे काय आहे?"

"कुलूप. डोळे फुटले का तुझे?"

"अरबीत याला कुफ्ल म्हणतात. उर्दूतही कुफ्लच! आपल्याकडे येता येता फ चा प झाला, ल त्याच्या आधी घुसला, आणि झालं कुलूप!"

मित्रांनो, माझ्या आतली स्प्रिंग थरारली! मी इतक्या लांबचा?

"बरं, मग?" आईची इस्त्री चालूच होती.

"अगं, काफिला म्हणजे प्रवाशांचा तांडा. त्यातही तीच अक्षरं, क, फ, ल! आणि त्या अक्षरांचा एक अर्थ आहे, परत येणं. माणसं सुखरूप यावीत म्हणून निघतानाच त्यांना 'परतणारे' म्हणायचे, असं आमच्या मॅडम सांगत होत्या."

इस्त्री थांबली. "म्हणजे आपण निघताना 'येते' म्हणतो, तसं?"

"अगदी तसंच!"

"तुझे बाबाही 'येतो'च म्हणाले होते गं."

मुलीने आईच्या हातातली इस्त्री बाजूला ठेवली. मग मुलगी म्हणाली, "शब्द नुसती आशा देतो, आई. पाळायचा माणसानं. मी पाळेन. आणि नाहीच आले, तर तू ये मला ओढून न्यायला. तेवढी भाषा शिकून ठेव."

आईला रडता रडता हसू फुटले. माझ्या तोंडात तेलाचा थेंब पडला, किल्ली फिरली आणि खट्टकन मी उघडलो!

मुलगी गेली आणि आई खरोखरच त्या शिक्षिकेकडे जाऊ लागली. परवा मुलगी सुट्टीवर आली. तिला खांद्यावरची बॅगही खाली ठेवू न देता आई ओरडली, "आधी ऐक! किल्लीला अरबीत मिफ्ताह म्हणतात. आणि आपण 'फत्ते' म्हणतो ना, तो त्याच घरातला शब्द! फतह म्हणजे उघडणं आणि जिंकणंसुद्धा!"

"हे तर मलाही ठाऊक नव्हतं!" मुलगी म्हणाली आणि तिने आईला कडकडून मिठी मारली.

मित्रांनो, डब्यात पडलेल्या जुन्या कुलपांना तेल द्या. आणि रोज तोंडी असलेल्या एखाद्या शब्दाला कधीतरी थांबवून विचारा, "बाबा रे, तू कुठला?" मग तो काय काय सांगत सुटतो ते बघाच!