होकार देणारी बादली

माझे काका गेले. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा काका सभागृहात पुढच्या रांगेत बसले आहेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि गेल्या वर्षी वारलेल्या काकूची वाट बघत आहेत. आपणही तसंच धरून चालू.

सभागृह खचाखच भरलं होतं. भिंतीएवढ्या पडद्यावर सिग्नलबाबांचं थेट प्रक्षेपण चालू होतं. बाबांना प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. सिग्नलबाबा हे नाव मी ठेवलेलं. खरं नाव पडद्यावर दोन ओळींतही मावायचं नाही.

"आत्मा मरत नाही," बाबा म्हणाले, "त्याचं फक्त बफरिंग होतं."

लोकांनी हात जोडले.

"गोळ्यांनी लहरी अडतात. आमचं लहरीजल प्या, वाट मोकळी होईल. आणि मधेच कुणी उठू नका, रेंज जाते."

मग पडद्यावर काकू आली. निळा स्वेटर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तो व्हिडिओ काकांनीच बाबांच्या कचेरीत पाठवला होता. कचेरीच्या अटी होत्या: चेहरा मधोमध, मान सरळ, मागे कोरी भिंत. मेलेल्या माणसाकडून पासपोर्टवाल्यांपेक्षा जास्त शिस्तीची अपेक्षा होती. काकू क्षणभर स्तब्ध राहिली.

"ताई," बाबांचा आवाज आला, "यांनी हृदयाच्या गोळ्या बंद कराव्यात का?"

आणि काकूनं मान डोलावली. ओल्या रंगावरून बोट फिरवावं तशी तिची हनुवटी खाली ओघळली, चष्मा मागोमाग गेला, दोन्ही परत वर आली. सभागृहात हुंदका फुटला. पाच-सहा जणांचा मिळून एकच.

"बघितलंस?" काकांनी माझा हात घट्ट धरला. "हो म्हणाली."

"काका, काकू हो म्हणाली?"

"हो."

"आपली काकू?"

घरी येऊन काकांनी गोळ्या केराच्या टोपलीत टाकल्या.

"जिवंत होती तेव्हा तिचं कधी ऐकलं नाही," ते म्हणाले. "आता तरी ऐकू दे, शहाण्या."

मला भानगड सभागृहातच कळली होती, कारण माझं पोट त्याच भानगडीवर चालतं. मी व्हिडिओच्या कचेरीत कामाला आहे. सिनेमे, बातम्या, जाहिराती दाबून-चेपून लहान करायच्या आणि लोकांच्या फोनपर्यंत न अडखळता पोचवायच्या. सिनेमा आहे तसा पाठवला तर पोचेपर्यंत नायक म्हातारा होईल. म्हणून आम्ही लबाडी करतो. एक चित्र पूर्ण पाठवतो, त्याला कीफ्रेम म्हणतात. त्याच्या पुढची चित्रं पूर्ण नसतातच. नुसत्या सूचना असतात: हा तुकडा जरा खाली सरकवा, तो जरा वर. पुढची कीफ्रेम येईपर्यंत असंच भागवायचं.

दोन व्हिडिओ जोडताना दुसऱ्याची कीफ्रेम गळाली, तर दुसऱ्याच्या सूचना पहिल्याच्या चित्राला लागू होतात. मागे आमच्याकडे सिमेंटच्या पोत्याच्या जाहिरातीनंतर बातम्या लागल्या आणि पोतं हवामानाचा अंदाज सांगू लागलं. आमच्याकडे याला चमत्कार म्हणत नाहीत. बिघाड म्हणतात, आणि साहेब ओरडतात.

हे सगळं मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तुझ्या पोत्याला आत्मा नसेल," ते म्हणाले.

म्हणून मी बादली घेतली.

बाबांच्या पुढच्या कार्यक्रमाआधी लोक जमत होते, तेव्हा सभागृहाच्या रखवालदाराला गळ घालून मी पडद्याची वायर माझ्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर आमची न्हाणीघरातली लाल बादली आली. मधोमध, सरळ, मागे कोरी भिंत.

"बादलीताई," मी विचारलं, "मी हुशार आहे का?"

बादलीनं मान डोलावली. म्हणजे तिचा काठ खाली ओघळला आणि परत वर आला. लोक हसले.

"माझं लग्न जमेल का?"

बादली हो म्हणाली. मागून शिट्टी आली.

"काकांच्या गोळ्या बंद करू का?"

बादली हो म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

"बादली कधी वारली?" एका आजोबांनी विचारलं.

"अजून वापरात आहे."

मग मी गाळलेली कीफ्रेम परत घातली. बादलीच्या जागी माझा चेहरा उमटला, तसाच मान डोलावत.

"बादली नव्हती हलत, मी हलत होतो," मी म्हणालो. "तुमच्या माणसांच्या चेहऱ्यामागे बाबा हलतात. आता नकार बघा." आडव्या मानेनं तीच करामत दाखवली, तर बादली मधोमध फाटली आणि कडी भिंतीत गेली. "आडवी मान हलवली की नाक कानापाशी जातं. म्हणून बाबांच्या परलोकात नकाराची सोय नाही. काहीही विचारा, हो."

पुढच्या रांगेत काकांच्या शेजारी बसलेली बाई उठली. हातात मुलीचा फोटो होता.

"मला बादली कळली," ती म्हणाली. "आता वायर काढ. आज माझ्या मुलीचा नंबर आहे."

मी वायर काढली. दुसरं काय करणार होतो?

त्या संध्याकाळी काकांनी आपण होऊन गोळ्या मागितल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांत खंड पडायला नको होता.

"अख्ख्या संसारात," काका उशीवरून म्हणाले, "तिनं माझ्या एका शब्दाला मान डोलावली नाही. पंखा लावू का म्हटलं तरी नको. तिथंच कळायला हवं होतं."

"काका, बोलू नका."

"कळलं होतं रे. पण हलताना दिसत होती ना. बरं वाटत होतं."

पहिलं वाक्य आता वाचायला हरकत नाही.

मेलेलं माणूस पडद्यावर हललं, तर हलवतंय कोण ते आधी विचारा. रडू आलं तर रडा, त्यात अंधश्रद्धा नाही. पण औषध बंद करायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा, पडद्याला नाही. पडदा सांगेल ते पाठवणाऱ्याचं असतं. हे मी पोटापाण्याच्या अनुभवावरून सांगतो.

बाबांचा कार्यक्रम अजून चालू आहे. तेव्हा संबंधितांना अर्ज:

प्रति, मा. प्रमुख, प्रक्षेपण विभाग, परलोक.
विषय: नकाराची सोय उपलब्ध करून देण्याबाबत.
महोदय, आपल्या विभागातून आजवर फक्त होकार प्राप्त झाले आहेत. तरी आडव्या मानेची व्यवस्था तातडीनं करावी, आणि काकांनी गोळ्या बंद कराव्यात का, हा प्रश्न आमच्या काकूला पूर्वलक्षी प्रभावानं पुन्हा एकदा विचारण्यात यावा, ही नम्र विनंती. तिचं उत्तर अर्जदारास ठाऊक आहे.