नर्मदेनं म्हावरं उचललं नाही

नर्मदा तांडेलच्या तोंडाला लागू नये, हे शिरगावजवळच्या त्या कोळीवाड्यात शेंबडी पोरंसुद्धा जाणत. पण पावसाळ्याआधी पालघरच्या सरकारी बैठकीत तिचंच तोंड बंद झालं, आणि ते बंद करणारा होता तिचा स्वतःचा नवरा.

खाडीत कारखान्यांचं काळं पाणी येतं, ही तक्रार घेऊन सगळा वाडा तिथे गेला होता. नर्मदा बोलायला उभी राहिली, तेवढ्यात कारखानदारांच्या बाजूच्या एका इस्त्रीदार शर्टवाल्यानं भिंतीवर एक फोटो दाखवला. भर समुद्रात होडी, कडेला वाकलेला माणूस, आणि त्याच्या हातातून पाण्यात पडणारा प्लास्टिकचा ढीग. माणूस होता महादू तांडेल. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ठसठशीत अक्षरांत नाव होतं, नर्मदा.

"स्वच्छता आधी घरापासून सुरू करा, बाई," तो म्हणाला. लोक खो खो हसले. काळ्या पाण्याचा विषय तिथेच बुडाला आणि पुढची बैठक दिवाळीनंतर ठरली. नर्मदेला त्या दिवशी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता खरं सांगायचं तर फोटोत खोटं काहीच नव्हतं. प्रवाहात खुंटांना बांधलेलं डोल जाळं तोंड वासून उभं असतं. पाण्याच्या ओढीनं जे येईल ते त्यात शिरतं. पूर्वी बोंबील, जवळा, करंदी यायची. आता निम्म्या पिशव्या आणि बाटल्या. पुरुष म्हावरं, म्हणजे मासळी, निवडून घेतात आणि बाकीचं परत दर्यात लोटतात. होडीत घाणीला जागा कोण देणार? बाप लोटायचा, मुलगा लोटतो. तीच पिशवी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच जाळ्यात येते आणि हे शहाणे पुन्हा मुंबईवाल्यांना शिव्या घालतात.

बोंबील वाळवायच्या जागेत दर रविवारी चारुता शाळा भरवायची. ती बोईसरजवळच्या कुंभवलीची. वडील सांगलीकडून कारखान्यात कामाला आलेले, आणि मुलगी खाडीच्या प्रेमात पडलेली. खाडीकाठची तिवरांची झाडं कशाला राखायची, माशाची अंडी कुठे वाढतात, हे ती बायकांना आणि पोरांना सांगे. बैठकीनंतरच्या रविवारी तिनं जाळ्यातला कचरा मध्ये ओतला आणि विचारलं, "हे कुणाचं?"

"केळव्याला येनाऱ्या पावन्यांचं!" "कारखान्यांचं!" "सरकारचं!" बायका तुटून पडल्या.

"आनि आमच्या बाप्यांचं?" नर्मदा म्हणाली. "जाल्यात आलेलं परत टाकतात ते? म्हायती सगल्यांना हाय. बोलत कोनीच नाय."

तिची सून दीपिका कुजबुजली, "आई, घरातलं घरात ऱ्हाऊ द्या."

"घरातलं घरात ठेवलं, म्हनून तर त्या मेल्यानं भिंतीवर दाखवलं! दिवालीनंतर परत जायचं हाय. कंच्या तोंडानं जानार?"

चारुतानं पुरुषांची सभा घेतली, चित्रं दाखवली. पुरुषांनी माना डोलावल्या, चहा प्याले, "बाई लई चांगलं बोलली" असं एकमेकांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी नेमानं कचरा दर्यात लोटला. पालथ्या घड्यावर पाणी!

मग नर्मदेनं आपला उपाय काढला. वाड्याची जुनी रीत अशी, की पाण्यातलं काम पुरुषाचं आणि म्हावरं वाळूला लागलं की ते बाईचं. ती उचलणार, निवडणार, विकणार. पुरुषाला आपल्या माशाचा भावसुद्धा ठाऊक नसतो. "जी होडी कचरा आननार नाय, तिचं म्हावरं कोनी उचलायचं नाय," नर्मदा म्हणाली. "आनि सुरुवात माज्या होडीपासून."

"मावशी, पोटाचा प्रश्न आहे," चारुता घाबरली.

"म्हनूनच तर. पोटावर आलं का बाप्यांना लवकर समजतं."

दुसऱ्या सकाळी महादूची होडी बोंबलांनी भरून आली. बायका रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या होत्या.

"काय गो, कोन मेलं काय?" महादूनं विचारलं.

"कचरा कुठं हाय?"

"कसला कचरा?"

"रोज टाकता तो."

महादूला वाटलं, बायकोची थट्टा चालली आहे. मग ऊन चढू लागलं. बोंबील म्हणजे मऊ जात, बघता बघता पाणी पाणी होते. अन्न नासवणं नर्मदेला पाप वाटे. तरी ती टोपलीवरून हलली नाही.

"बायकांवाचून अडतं काय!" असं म्हणून महादूनं बोईसरचा बाजार गाठला. तिथे कारखान्यातल्या कामगारांनी त्याला गराडा घातला. "चाचा, सब उठा लूँ तो कितने में दोगे?" महादूची हिंदी आणि हिशेब दोन्ही कच्चे. जन्मभर दर्याशी झुंजलेला माणूस, पण भाव करताना पार गळाठला. संध्याकाळी तो उरलेले बोंबील घेऊन परत आला, आणि ते वाड्यातल्या मांजरांनीही हुंगून सोडले.

पुढच्या काही दिवसांत इतर होड्यांचीही हीच गत झाली. पुरुषांनी देवळात बसून टेंपोवाला व्यापारी बोलावला. त्यानं असा भाव सांगितला की महादूलाही कळलं, हा आपली सालं काढतोय. तरीही कुणी नमेना. नुसती डाळ जेवून घराघरांत भांडणं सुरू झाली. दीपिका रडली, "आई, पुरे आता." नर्मदेलाही रडू येत होतं. पण रडली असती तर तिथेच सगळं संपलं असतं.

मग एका सकाळी होड्या निघायच्या बेतात होत्या. नर्मदा लुगडं खोचून सरळ पाण्यात शिरली आणि महादूच्या होडीवर चढली. किनाऱ्यावर आरडाओरडा झाला, कारण त्या वाड्यात बाई नारळी पौर्णिमेला होडीला हळदकुंकू लावी, पण होडीवर पाय ठेवत नसे.

"उतर गो! दर्या कोपेल!" महादू ओरडला.

"कोपू दे! रोज त्याच्या तोंडात घान घालता, तवा नाय कोपत?"

"नर्मदे, लोक बघतात."

"बघू देत. त्या दिवशी पालघरला बी बघत व्हते."

मागे पाणी खळबळलं. दीपिका आपल्या नवऱ्याच्या, प्रणवच्या होडीकडे निघाली होती. तिच्या मागे आणखी बायका. एकेक होडी बायकांनी जड होऊ लागली आणि तिकडे ओहोटी लागली. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळ्या होड्या चिखलात रुतल्या असत्या. पुरुष एकदा पाण्याकडे बघत, एकदा बायकांकडे.

"बरं, आनतो कचरा," महादू हळूच म्हणाला. "आता तरी उतर."

"नाय उतरनार. आज मी येते. होडी काडा."

होडी निघाली. दर्या काही कोपला नाही. नर्मदेला मात्र दोनदा उलटी झाली, आणि ती तोंड पुसून पुन्हा ताठ बसली. जाळं वर आलं. महादू सवयीनं निवडू लागला. पिशव्यांचा एक ओला गठ्ठा त्याच्या हातात आला आणि हात आपसूक होडीबाहेर गेला. नर्मदेनं त्या हाताकडे बघितलं. महादूनं हात आत घेतला आणि गठ्ठा तिच्या पायाशी आपटला.

"झालं समादान?"

"नाय. दिवालीनंतर पालघरला तुमी बोलायचं. टाकत व्हतो, आता बंद केलं, असं सगल्यांसमोर सांगा. मग त्या शर्टवाल्याला इचारा, तुमचं कालं पानी कदी बंद करता?"

महादू जाळ्यातल्या गाठी सोडवू लागला. "आनि त्यांनी नाय आयकलं तर?"

"तर त्यांचं बी कायतरी अडवू," नर्मदा म्हणाली. "आमी तुमाला वठनीवर आनलं, ते काय तुमच्यापेक्षा हट्टी हायत?"