दहा सेकंदांचा उजेड

मित्रांनो, मान वर करून माझ्याकडे बघायची तसदी कोणी घेत नाही, म्हणून माझी ओळख मीच करून देतो. तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, खाली माणूस हलला की आपोआप लागणारा दिवा तो मी. या पॅसेजला खिडकी नाही. भर दुपारीही इथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही.

मला बसवलं त्या दिवशी वायरमनने माझा वेळेचा स्क्रू दहा सेकंदांवर ठेवला, म्हणजे खालची हालचाल थांबली की दहा सेकंदांत मी विझणार. तपासताना असंच करतात. नाहीतर दिवा विझेपर्यंत शिडीवर ताटकळावं लागतं. काम झालं की तो दोन मिनिटांवर न्यायचा असतो. नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजला आणि स्वारी बोलत बोलत खाली उतरली ती उतरलीच. विजेची बचत होणार म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझं तोंडभर कौतुक केलं. आणि मी मूर्ख, फुशारलो.

धडधाकट माणसांचं काही अडलं नाही. अडलं ते टोकाच्या घरात एकट्या राहणाऱ्या सिस्टरचं. उभा जन्म त्यांनी इस्पितळात रोग्यांना पुन्हा चालायला शिकवलं. आता गुडघ्याच्या ऑपरेशननंतर स्वतः शिकत होत्या. मुलाने बजावलं होतं, की रविवारी लिफ्टपर्यंत एकटी जाऊन परत आलीस तर इथे राहा, नाहीतर वृद्धाश्रमात नाव घातलंय. म्हणून रोज दुपारी सराव चालायचा. चार पावलं टाकली की त्या दम खायला थांबायच्या, आणि त्या थांबल्या की मी विझायचो. मग त्या काठीचा हात उचलून हलवायच्या.

"अरे बाबा, मी अजून आहे," म्हणायच्या आणि हसायच्या. मला मात्र धडकी भरायची. दिवा फार लवकर विझतो, असं सिस्टरनी सेक्रेटरींना तीनदा सांगितलं. वयामुळे तसं वाटत असेल, असं म्हणून सेक्रेटरींनी तिन्ही वेळा त्यांना वाटेला लावलं.

रविवारी मुलगा लिफ्टपाशी मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. सिस्टर निम्म्यापर्यंत छान आल्या. थांबल्या. मी विझलो. त्यांनी काठी उचलली आणि तोल गेला. आवाज ऐकून मुलगा धावला, पण त्या पडताना झालेल्या हालचालीनेच मी लख्ख पेटलो होतो.

"दिवा गेला रे," त्या पडल्या पडल्या म्हणाल्या.

मुलाने वर बघितलं. "आई, दिवा चालू आहे."

मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. आठवड्याच्या आत सिस्टरना वृद्धाश्रमात नेलं आणि घर रिकामं झालं. नव्या भाडेकरूला कुलूप उघडताना अंधार होतो म्हणून त्याने तक्रार केली, तर दुसऱ्याच दिवशी वायरमन हजर. "हात्तिच्या, हे राहिलंच की," असं पुटपुटत त्याने स्क्रू फिरवला. अर्ध्या मिनिटाचं काम.

आता मी पूर्ण दोन मिनिटं जळतो, पण दम खायला खाली कोणी थांबत नाही. मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी वायरमन होईल, कोणी सेक्रेटरी होईल, आणि कुणाची तरी मुलं तर तुम्ही आहातच. दिवा बसवलात की घरातल्या सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या माणसाला आधी त्याच्याखालून जाऊ द्या. आणि ते माणूस म्हणालं की दिवा गेला, तर वर बघू नका. त्याचं ऐका.