भाऊबीजेचा मुराळी

नातवाचं, कुलदीपचं, लग्न झालं त्या वर्षीची भाऊबीज. पार्बताबाई सकाळीच पिशवी भरून ओट्यावर येऊन बसल्या. पिशवीत एक लुगडं, कंगवा आणि कागदात गुंडाळलेल्या करंज्या.

"कुठी निघाली वं आजी?" नात रागिणीनं विचारलं. ती दिवाळीच्या सुटीत अमरावतीच्या कॉलेजातून घरी आली होती.

"माहेरी. दादा येऊन राहिला न मले घ्यायले."

दादा म्हणजे डोमाजी. पूर्णेच्या पलीकडे, अकोल्याच्या वाटेवर त्यांचं गाव. दर भाऊबीजेला पांढरी टोपी घालून ते बहिणीचे मुराळी होऊन दर्यापूरच्या गाडीतून उतरायचे आणि तिला माहेरी घेऊन जायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पार्बताबाई तेराव्याला गेल्या होत्या, रडल्याही होत्या. पण ते सगळं आता त्यांच्या आठवणीतून कुठल्या कुठे वाहून गेलं होतं.

देवीदासजी दारात उभे होते. पार्बताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मालक बागेत हायेत, भाऊ. फुलाचं इचाराचं असन तं तिकडेच जा."

मालक, म्हणजे तिचा नवरा, देवीदासजी स्वतःच होते.

हे उन्हाळ्यापासूनच सुरू झालं होतं. नातवाच्या लग्नात, भर मांडवात, पार्बताबाईंनी सुनेला विचारलं होतं, "भावना, तो म्हातारा कोन हाय वं? मघापासून एकटाच बसला हाय. जेवला का तो?" पुढं एकदा देवीदासजींनी हात धरून सांगून पाहिलं, "पार्बते, मीच हाय न तो." तर पार्बताबाई अशा घाबरल्या, की सैपाकघरात जाऊन त्यांनी आतून कडी लावली. दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही. तेव्हापासून देवीदासजींनी आपल्या घरात आपलं नाव सांगणं सोडलं.

एकच वाटायचं त्यांना. सगळ्या संसारात बायकोनं त्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती. "आयकलं का?" एवढीच तिची हाक. बागेच्या या टोकाला ती म्हणायची आणि त्या टोकाला शेवंती तोडता तोडता यांचा हात थांबायचा. डोळे मिटण्याआधी ती हाक एकदा कानावर पडावी. बाकी काही नाही.

रागिणी खांबाला टेकून इंग्रजीचा अभ्यास करत होती. देवीदासजी तिच्याजवळ बसले. त्यांना अक्षरं पन्नाशीत आली, साक्षरतेच्या वर्गात, कंदिलासमोर. त्यामुळे लिहिलेलं काही दिसलं की विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"काय लिहून राहिली वं?"

"एखादी गोष्ट खरी नाही, पण खरी असल्यासारखी दिसते, ते इंग्रजीत कसं लिहायचं, त्याची वाक्यं आहेत, आबाजी. सर म्हणाले, घरातलीच लिहा." ती जरा थांबली. "मी आजीवर लिहिलं. रागावू नका."

"वाच."

तिनं वाचलं. मग मराठीत सांगितलं, "आजी आबाजींकडे असं पाहते, जसे काही ते परके माणूस आहेत."

"म्हंजे वाचनारा मले परकाच समजीन न?"

"नाही समजणार. इथं 'वेअर' लिहिलं न मी. एरवी एका माणसाला 'वॉज' लागते, 'वेअर' अनेकांना; इथं एकाच माणसाला 'वेअर'. ते वाचलं, की कळते का हे खरं नाही. 'जसे काही'च्या मागं खरं माणूस उभंच असते."

"एकाच माणसाले?"

"हो."

देवीदासजींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. कागदावर बरं आहे, त्यांना वाटलं. तिथं एक शब्द ठेवला, की दुनियेला कळतं. ओट्यावर कुठला शब्द ठेवायचा?

एवढ्यात भावना चहा घेऊन आली. सासूबाईंनी कप बाजूला सारला. "दादा आल्यावर घेईन."

भावना हळूच सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, अशा तं त्या दिवसभर उपाशी राहातीन. तुमीच मुराळी व्हा न आज. टोपी घाला, फाटकातून या. बागेला एक चक्कर मारून आना त्यायले."

"मी साळा होऊ? माह्याच बायकोचा भाऊ?"

"आबाजी, नवरा म्हणून तरी कोण ओळखून राहिलं तुम्हाला?" रागिणी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पण देवीदासजींना हसू आलं. खरंच होतं ते.

त्यांनी टोपी घातली, मागच्या दारानं निघून वळसा घातला आणि फाटकातून आत आले. डोमाजी खोकायचे तसे खोकले. "पारू! चाल वं, घ्यायले आलो."

पार्बताबाईंचा चेहरा असा उजळला, की देवीदासजींना पुढचं पाऊल टाकवेना. इतकी वर्षं आपण बागेतून घरी येत होतो, तेव्हा ही अशी हसली होती का कधी? आठवेना.

"लय उशीर केला रे दादा! बस. पानी घे." पाणी आलं, चहा झाला. दोघांनी एकेक करंजी खाल्ली.

"चाल मंग," देवीदासजी उठले.

"अशी कशी येऊ? त्यायले इचारल्याबिगर? ते बागेतून येऊ दे. मंग निघू."

देवीदासजी उभेच राहिले. हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. नवऱ्यानं जा म्हटल्याशिवाय पार्बताबाईंनी कधी उंबरा ओलांडला नव्हता, अन् नवरा तर टोपी घालून समोर उभा होता. भावनानं खूण केली: टोपी काढा, मागून फुलं घेऊन या. ते गेले. टोपी खिशात कोंबली, शेवंतीची टोपली डोक्यावर घेतली आणि रोजच्यासारखे आले. टोपली उतरवून म्हणाले, "जाय माहेरी. मी जा म्हंतो."

पार्बताबाईंनी पदर ओढला. "तुमी कोन जा म्हननारे? मालकायले येऊ द्या."

ते पुन्हा मागं गेले, टोपी घातली, पुन्हा फाटकातून आले आणि तिच्या शेजारी बसले. आता आपण कोण, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं. ते नवऱ्याची वाट पाहू लागले. खरंच पाहू लागले. वाटेवर कोणी दिसलं, की मान वर व्हायची.

"तुले जाच देते का तो, पारू?" त्यांनी विचारलं. "चांगला हाय का तो तुह्याशी?"

"कावून इचारतं?" पार्बताबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "तापट हाय. जेवताना बोलत नाई. पन दादा, म्या वाढल्याबिगर त्यायले घास जात नाई. भावना वाढते तं अर्ध्या भाकरीवरून उठते तो मानूस. म्हाईत हाय मले. तोंडानं नाई सांगत."

देवीदासजींनी टोपी डोळ्यांवर ओढली.

ऊन ओट्यावरून सरकलं. पार्बताबाई एकाएकी उठल्या. पिशवीतून लुगडं आणि कंगवा काढून घेतला आणि उरलेल्या करंज्यांची पिशवी भावाच्या हातात दिली.

"तू जाय दादा. म्या नाई येत यंदा. ते आले अन् म्या नसली, तं कोन वाढीन त्यायले? वयनीले सांगजो, पुढच्या साली येईन."

आता भावाला जाणं भाग होतं. देवीदासजी पिशवी घेऊन स्वतःच्या घराच्या फाटकातून बाहेर पडले. कुठं जायचं ते सुचेना. वाटेवरच्या बाभळीपर्यंत गेले असतील, मागून हाक आली.

"आयकलं का?"

त्यांचे पाय जागीच थांबले. वळून पाहिलं. पार्बताबाई कपाळावर हात धरून उभ्या होत्या.

"वाटेत ते भेटले तं सांगजो, च्या ठुला हाय म्हनून."

"सांगतो," देवीदासजी म्हणाले. ती हाक कोणाला होती, भावाला की त्यांना, हे त्यांना त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही नाही.

संध्याकाळी त्यांनी रागिणीला विचारलं, "आज झालं ते लेहू शकशीन का वं? तुह्या त्या इंग्रजीत?"

रागिणीनं पुष्कळ वेळ घेतला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग मराठीत सांगितलं, "आजीनं आबाजींच्या शेजारी बसून त्यांची अशी वाट पाहिली, जसे काही ते तिथं नव्हतेच."

"'वेअर' घातलं का?"

"घातलं."

"म्हंजे होतो मी तिथं. वाचनाऱ्याले कळीन."

"कळेल, आबाजी."

ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसले.

पार्बताबाई पुढच्या माघात, एका सोमवारी, ऊन वर येता येता ओट्यावर बसल्या बसल्या वारल्या. त्या वेळी देवीदासजी बागेत होते.